शेगडी तीच हाय, घर बदललंय

पत्र असं आहे:

"आक्का, नमस्कार. आमचं गाव गगनबावड्याच्या अलीकडं, घाटमाथ्याजवळ. तीन वर्षांमागं जुनं कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधलं. सासरे, म्हणजे आमचे मामा, ७६ वर्षांचे, त्यांना दमा आहे आणि थंडी अजिबात सोसत नाही. रात्री ते आमच्या आत्तींची, म्हणजे सासूबाईंची, जुनी लोखंडी शेगडी निखाऱ्यांनी भरून खोलीत घेतात आणि दार-खिडक्या लावून झोपतात. माझा ९ वर्षांचा मुलगा त्यांच्याजवळच झोपतो. यंदा फेब्रुवारीत कधी गारठा, कधी उकाडा, मधेच अवकाळी पाऊस आला आणि परड्यातलं सगळं जळण भिजलं. घरभर धूर होतोय. त्यात मामांचं आणि पोराचं रोज सकाळी डोकं दुखतंय, परवा तर पोरानं उठल्या उठल्या उलटी केली. हे म्हणतात थंडी बाधली. जळण लवकर वाळवायचं कसं आणि धूर न होता रात्रभर खोली उबदार कशी ठेवायची ते सांगा. – एक सून"

अगं पोरी, तू जळणाचं विचारलंस आणि ते मी सगळं सांगणार आहे, पण डोकेदुखीचं आणि उलटीचं तू दोन ओळीत लिहून पुढं गेलीस ना, ते वाचलं आणि काळजात धस्स झालं. म्हणून आधी आजच्या रात्रीचं सांगते, जळणाचं मागनं बघू.

आज रात्री ती शेगडी खोलीत जाऊ द्यायची नाही. खिडकी थोडी उघडी ठेवून पण नाही, निखारे कमी घालून पण नाही, मामा झोपले की बाहेर काढू असं म्हणून पण नाही, कारण घरात सगळ्यांचा डोळा लागतो आणि शेगडी तिथंच राहते. मामा रागावतील, जेवणार नाही म्हणतील, एक दिवस बोलणं टाकतील, चालतंय. पोराला आज तुझ्याजवळ झोपव.

आता का ते ऐक. एकाच खोलीत झोपणारी दोन माणसं, एक ७६ वर्षांचं आणि एक ९ वर्षांचं, दोघांचंही डोकं सकाळीच दुखतंय, आणि तू लिहिलं नाहीस पण माझा अंदाज आहे की अंगात ताप नसणार, आणि उन्हं वर आल्यावर अंगणात हिंडून-फिरून डोकं आपोआप उतरत असणार. ही थंडी बाधल्याची लक्षणं नव्हेत. बंद खोलीत निखारा जळत राहिला की त्यातनं कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्याला चुरचुर नाही. आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं जे हिमोग्लोबिन असतं त्याला हा वायू ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट धरून बसतो, म्हणजे माणूस श्वास घेतोय, छाती वरखाली होतीय, पण आत मेंदूला आणि हृदयाला पोचायचं ते पोचतच नाही. आधी डोकं जड होतं, मग मळमळ, चक्कर, गुंगी, पायातलं बळ जातं, आणि त्यापुढचं मी लिहीत नाही. झोपलेल्या माणसाला तर हे काही कळतच नाही. दर थंडीत बंद बाथरूममधल्या गॅस गिझरच्या बातम्या पेपरात येतात बघ, तो वायू हाच.

आणि आपल्याकडं सगळ्यांचा एक समज आहे, मला पण होता, की धूर गेला म्हणजे धोका गेला. आपण काय करतो, शेगडी अंगणात पेटवतो, वारा घालतो, धूर निघून जाऊ देतो, कोळसे छान लालभडक झाले, धूर संपला की उचलून आत नेतो आणि म्हणतो आता काही भ्या नाही. पण हा वायू लाल निखाऱ्यातनंच भरपूर निघतो. धूर असता तर निदान खोकला येऊन माणूस उठून बसला असता, दार उघडलं असतं. आणि वर राख धरली म्हणजे विझली असं पण समजायचं नाही, राखेखाली विस्तव धुमसत असतो तोवर वायू निघत असतो. शेणी घालत असाल तर अजून वाईट, कारण शेणीचा विस्तव पहाटेपर्यंत टिकतो, म्हणून तर जुनी माणसं शेगडीत शेणीचा तुकडा पुरून ठेवतात.

आता मामा काय म्हणणार ते मला इथं बसून ऐकू येतंय. "माझी आई हेच करायची, तुझी सासू ४० वर्षं हेच करत होती, काय झालं का कुणाला?" आणि ते खोटं बोलत नाहीत. खरंच काही झालं नाही. पण ते झालं नाही ते जुन्या घरामुळं. आठवून बघ ते घर. कौलांना कौलं चिकटलेली नसायची, भिंतीचा माथा आणि छप्पर यांच्यात हात जाईल एवढी फट असायची, कवाडाखालनं मांजर यायचं-जायचं, माजघरावर माळा, माळ्यावर मोकळा अंधार. रात्री वरनं वारा घुमायचा म्हणून तर एवढी थंडी वाजायची आणि शेगडी लागायची. गरम हवा वर जायची, कौलातनं बाहेर पडायची, जाताना हा वायू पण घेऊन जायची. आता तुमची खोली १० बाय १२ ची असेल, वर स्लॅब, भिंतींना प्लास्टर, खिडकीला अॅल्युमिनियमची स्लायडिंग, दार घट्ट बसणारं, आणि त्याच्या खाली मामांनी गोणपाट पण लावलेलं असणार फटीतनं वारा येतो म्हणून. शेगडी तीच हाय, घर बदललंय. मामांना हे असंच सांग, त्यांची चूक काढून सांगू नकोस, कारण त्यांची चूक नाहीच आहे.

मी हे एवढं जीव तोडून सांगतीय त्याला कारण आहे. १९९८ साली माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आमचं घर तेव्हा नुकतंच नवं झालेलं. जानेवारीचे दिवस, बाळ १२ दिवसांचं, बाजेखाली शेगडी, त्यावर ओवा-वावडिंगाची धुरी, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकीला सतरंजी बांधलेली. मी तिच्या सोबतीला खाली अंथरूण घालून झोपलेले. पहाटे कधीतरी बाळ रडायला लागलं, नेहमीसारखं जोरात नाही, बारीक कुरकुरल्यासारखं. मी उठून बसले तर खोली फिरायला लागली. बहिणीला हाक मारली, ती म्हणाली मला हात उचलेना गं. मी दाराकडं निघाले आणि दोन पावलांत गुडघ्यावर पडले, कडीपर्यंत हात पोचेना, लाकडी दारावर तळहातानं थापा मारत बसले. आई उठलेली होती बंब पेटवायला, तिनं बाहेरनं दार ढकललं पण कडी आतनं, मग मी कसं उभी राहिले आणि कडी काढली ते मला आजही आठवत नाही. आठवतंय ते एवढंच की मला अंगणात तुळशीकट्ट्याला टेकवून बसवलेलं, गार फरशी मांडीला लागत होती आणि आई बाळाच्या तोंडावरचं दुपटं काढून त्याला वाऱ्यावर धरून उभी होती. बाळाला वाऱ्यावर कधी धरलं नव्हतं तिनं त्या बारा दिवसात. सगळे वाचलो. तो पोरगा आता नोकरीला आहे. पण त्या दिवसानंतर आमच्या घरात शेक द्यायचा तर शेगडी सोप्याच्या बाहेर, फडकं तिथं गरम करायचं आणि धावत आत नेऊन शेकायचं. ऊब तीच मिळते.

म्हणून तुझ्या गल्लीत, भावकीत कुणाकडं बाळंतीण असेल तर हे तिच्या घरी पण जाऊन सांग. शेक-शेगडीला माझा विरोध नाही, बंद खोलीत विस्तव ठेवण्याला आहे.

दवाखान्याचं पण सांगते. पोराला आणि मामांना दोघांना दाखवा, आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हेच बोलायचं की आम्ही रात्री बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवत होतो. नुसतं डोकं दुखतंय, उलटी झाली एवढंच सांगितलं तर कुणीपण पित्ताचीच गोळी देणार, त्यांना तरी शेगडीचं स्वप्न पडणार आहे का. शिवाय माणूस मोकळ्या हवेत आलं की हा वायू रक्तातनं हळूहळू उतरतो, साधारण चार-पाच तासांत निम्मा होतो, म्हणजे सकाळी ११ ला नंबर लागेपर्यंत माणूस बरं दिसायला लागतं. आणि कोरोनापासनं घरोघरी ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे, त्याच्यावर अजिबात जाऊ नका. ते मशीन या वायूनं भरलेलं रक्त आणि ऑक्सिजननं भरलेलं रक्त यातला फरक ओळखत नाही, आत गुदमरत असताना पण ९८ दाखवतं. कधी कोण गुंगीत सापडलं तर आधी दारं-खिडक्या सताड उघडायची, माणसाला ओढून बाहेर मोकळ्यावर आणायचं आणि १०८ ला फोन लावायचा, ऑक्सिमीटर शोधत बसायचं नाही.

आता मामांच्या थंडीचं. ती थंडी खरी आहे गं, हट्ट नव्हे. म्हातारपणी अंगावरचं मांस उतरतं, रक्त फिरणं मंद होतं, आणि तुमचा भाग घाटाच्या तोंडावर. कोल्हापुरात पहाटे १५-१६ असलं की तुमच्याकडं करूळ घाटाकडनं धुकं आणि वारा येऊन ते अजून बोचतंय. पण एकट्या मामांनाच घरात सगळ्यांपेक्षा जास्त थंडी वाजत असेल तर दवाखान्यात गेल्यावर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, बऱ्याचदा तिथं कारण सापडतं.

ऊब रात्रभर खोलीला द्यायच्या ऐवजी अंथरुणाला आणि अंगाला द्यायची, ही माझी पद्धत. खोली तापवायला सगळी हवा, भिंती, फरशी तापवायला लागतात. अंथरूण तापवायला दोन लिटर गरम पाणी पुरतं. सकाळी ११ ते ४ खोलीच्या खिडक्या उघड्या ठेव, ऊन आत येऊ दे, पडदे बाजूला. साडेचार-पाचला ऊन कललं की खिडक्या लाव, विस्तव आत नसेल तर खिडक्या लावायला काही हरकत नाही. टाईल्सची फरशी म्हणजे थंडीचं घर, मामा बाजेवर झोपत असले तरी पाय खाली त्याच फरशीवर ठेवतात, तिथं जेन नाहीतर जुनी वाकळ अंथर. गादीच्या खाली एक घोंगडं घाल, वर पांघरायला घालतात तसं खालून पण, कारण निम्मी थंडी खालनं लागते हे कुणी लक्षातच घेत नाही. कानटोपी आणि पायमोजे झोपताना.

संध्याकाळी सातच्या सुमाराला बंब पेटवा. सकाळी अंघोळीला पेटवताच की, तसाच संध्याकाळी. मामांचे पाय पंधरा मिनिटं गरम पाण्याच्या घमेल्यात, मग लगेच पुसून मोजे. झोपायच्या अर्धा तास आधी गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून पांघरुणात पायथ्याला ठेव. नाहीतर आमची आजी करायची तसं, वीट चुलीच्या वैलावर तापवून जाड फडक्यात बांधून. फक्त मामांना शुगर असेल तर पिशवी असू दे नाहीतर वीट, ते झोपायला गेले की काढून घे, आणि घमेल्यातलं पाणी स्वतःच्या कोपरानं बघ, कारण शुगरवाल्याला पायाला चटका बसलेला कळत नाही आणि फोड चिघळत जातो.

लाईट असते तेव्हा इलेक्ट्रिक ब्लँकेट पण विचार कर. रूम हिटर १००० वॅटचा धरला तर तासाला एक युनिट, रात्रभरात आठ युनिट. ब्लँकेट ६० ते १०० वॅटची असते, रात्रभर चालली तरी युनिटच्या आत-बाहेर. चांगल्या कंपनीची, आपोआप बंद होणारी घ्या, घडी घालून वापरायची नाही, आणि अंथरुणात लघवी होत असेल तर मात्र नको, आणि शुगर असली तरी नकोच.

शेगडी पार बंद करा असं मी म्हणत नाही, मामांकडनं तीच काढून घेतली तर त्यांच्याकडं संध्याकाळचं काय राहतं? आणि ती आत्तींच्या हातची. ती सोप्यात, उघड्यावर, रोज संध्याकाळी त्यांनीच पेटवायची, त्यांनीच निखारे वर-खाली करायचे, भावकीतली दोन माणसं शेकायला येऊन बसतील, पोरगं पण जवळ बसू दे, भुईमुगाच्या शेंगा भाजू दे. दम्यामुळं त्यांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसव, धूर तोंडावर येणार नाही असं. नऊ वाजले की शेगडी परड्यात आणि मामा आत. राख त्याच रात्री प्लॅस्टिकच्या बादलीत नाहीतर पिंजराच्या गंजीजवळ ओतू नका, राखेतला विस्तव दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत असतो, पत्र्याच्या पाटीत काढून पाणी मारून ठेवा.

बरं, आता जळण. इथं आधी एक गोष्ट ओळखायला शिक. हिरवं-ओलं जळण वेगळं आणि पावसानं भिजलेलं वेगळं. वर्षभर वाळलेल्या लाकडावर एक-दोन पाऊस पडले तर पाणी वरच्या सालीतच मुरतं, सुटं करून उन्हा-वाऱ्यात मांडलंस तर तीन-चार दिवसात परत पेटण्याजोगं होतं. पण ताजं तोडलेलं लाकूड म्हणजे जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं, ते चार दिवसांत काय, चार आठवड्यात पण वाळत नाही. ते पेटवलं की आगीचा जोर आधी पाणी उकळून वाफ करण्यात जातो, चूल गार राहते आणि सगळा धूर. धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच की ते, तुझ्या पैशाचं जळण मामांच्या छातीत जातंय. वाळलेल्या लाकडाला टोकाला चिरा पडलेल्या असतात, साल नखानं सुटते, दोन फाटी एकमेकावर आपटली तर टणटण वाजतात, ओलं असेल तर थप्प असा आवाज येतो. अजून एक, फाट्याच्या एका टोकाला साबणाचं पाणी लाव आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून जोरात फुंकर मार, वाळलेल्यातनं बारीक बुडबुडे येतात. सगळ्या लाकडात होत नाही, पण सरळ दोऱ्याच्या लाकडात बघायला मिळतं, पोराला दाखव, मजा वाटेल त्याला.

भिजलेल्यातलं आत्ता दहा दिवसांचं जळण तेवढं वेगळं काढ आणि बारीक फोडून घे, मनगटाएवढं. ओंडका तसाच ठेवला तर साल पाणी धरून ठेवते, फोडला की आतलं कोरडं अंग वर येतं. ते सोप्यात वाऱ्याच्या तोंडाला उभं करून ठेव. चुलीवर वाळत घालायची सवय असते आपल्याला, भानोशीवर चार-पाच काटक्या ठेवल्या तर ठीक, पण चुलीच्या तोंडाशी रचून ठेवून झोपायचं नाही, रात्री पेट घेतं. आणि जळण काढताना नुसता हात घालू नकोस, पाऊस पडून ऊन पडलं की ढिगात विंचू आणि सापाची पिल्लं वर सरकतात, आधी काठीनं हलव, मग घे. भिंतीला चिकटून ढीग घालायचाच नाही, त्या कारणानं आणि वाळवीच्या पण.

परड्यातल्या ढिगावर तुम्ही निळा प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूनं गुंडाळून बांधला असणार, सगळेच करतात. ते सोड. आत घाम धरतो आणि लाकडाला बुरा येतो. खाली दोन ओळी विटा, त्यावर आडवी लाकडं, साल वर करून रचायचं, झाकायचं फक्त माथ्यावर, बाजू मोकळ्या. वारा आरपार गेला पाहिजे.

पेटवताना रॉकेल ओतू नका, टायरचा तुकडा, दुधाच्या पिशव्या घालू नका. उसाचं पाचट, करवंटी, नारळाची शेंडी, वाळलेल्या तुरकाट्या आहेत की आपल्याकडं ढिगानं. चिपाड भपकन पेटतं आणि भपकन संपतं, पेटवायला छान, ऊब धरायला नाही. ऊब धरायला बाभूळ, सुबाभूळ चांगलं, जड लाकूड, निखारा टिकतो. पांगारा, सावर म्हणजे कागद जाळल्यासारखं. बिब्ब्याचं, कण्हेराचं, शेराचं लाकूड चुलीत घालायचंच नाही, बिब्ब्याच्या धुरानं अंगावर फोड येतात, कण्हेर तर विषारीच. आणि एमआयडीसीतनं खोक्यांची, पॅलेटची फळकुटं जळण म्हणून विकायला येतात, स्वस्त पडतात, तर रंग लावलेली आणि प्लायची घेऊ नका, आणि पॅलेटवर शिक्का असतो तो बघा, एचटी असेल तर लाकूड नुसतं उष्णता देऊन किडीपासून वाचवलेलं असतं, एमबी असेल तर विषारी वायू मारलेला, ते चुलीजवळ आणू नका.

पुढच्या वर्षीचं आत्ताच डोक्यात घे. जळण दिवाळीनंतर ते संक्रांतीच्या आत तोडून-फोडून रचायचं, पूर्ण उन्हाळा खाऊ द्यायचा आणि मृग लागायच्या आत छपराखाली घ्यायचं. फेब्रुवारीत तोडून फेब्रुवारीत जाळायला गेलं की हेच होणार. बांधावरचं झाड असलं तरी आधी वनखात्याच्या ऑफिसात विचारा, १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, त्यात आंबा, जांभूळ, चिंच, ऐन, फणस ही झाडं येतात.

आणि हे हवामान असं लहरी का ते तू विचारलं नाहीस, पण चूल कधी पेटवायची ते ठरवायला उपयोगी पडतं. फेब्रुवारीत उत्तरेकडनं कोरडा वारा आला की आभाळ साफ होतं, दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब मोकळ्या आभाळात सोडून देते आणि पहाटे गारठा. वारा पूर्वेकडनं, बंगालच्या उपसागराकडनं फिरला की दमट हवा, ढग, आणि रात्र उबदार, मग कधी अवकाळी. म्हणून कॅलेंडर बघून नको, संध्याकाळी सातला अंगणात उभी राहून वर बघ. चांदण्या लख्ख असतील तर बंब, रबरी पिशवी, जास्तीचं घोंगडं. ढगाळ असेल तर तेवढं सगळं लागत नाही, उगं जळण कशाला घालवायचं. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते आणि होळी जळाली थंडी पळाली असं आपण म्हणतो, पण तुमच्या घाटमाथ्यावर शिवरात्रीनंतर पण चार-सहा पहाटा बोचऱ्या येतात, तेवढ्यासाठी कोरडं जळण मागं राखून ठेव, सगळं होळीत घालू नका.

मामांशी बोलायला आज तू एकटी जाऊ नकोस, तुझ्या नवऱ्याला हे पत्र आधी वाचायला दे, आणि त्यांनीच बापाला सांगू दे. मामा ऐकेनात तर नातवाचं नाव घ्या. स्वतःसाठी न ऐकणारं म्हातारं माणूस नातवासाठी ऐकतं. पण पोरगं खोलीतनं काढलं म्हणून शेगडी परत आत गेली असं होऊ देऊ नका, मामांना दमा आहे, त्यांची फुप्फुसं आधीच दमलेली.

उद्या सकाळी पोरगं उठलं की चहा-दूध द्यायच्या आधी विचार, बाळा डोकं दुखतंय का. मामांना पण विचार. काय म्हणाले ते मला दोन ओळीत कळव, मी वाट बघतीय.